गाठ एकीची, रक्त दुसरीचं

आमची ठमी, म्हणजे माझी नात, कॅन्सरच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. पेशंटची गाठ आणि त्याच पेशंटचं रक्त यंत्रात घालून त्यांतली जनुकं वाचायची, हे तिचं काम. जन्मतः माणूस कसा घडलाय ते रक्त सांगतं, पुढे काय बिघडलं ते गाठ सांगते. दोन्ही शेजारी धरले की कोणतं औषध लागू पडेल ते ठरतं. मला एवढंच कळतं, आणि तेही तिने चारदा सांगितल्यावर.

परवा ती जेवताना नुसतं ताट चिवडत बसली.

"काय गं, जीभ प्रयोगशाळेत विसरलीस?"

"आजी, एका बाईची गाठ आणि रक्त जुळतच नाही. जशी दोन वेगळी माणसं. रक्त पुन्हा मागवून वाचलं, तेच आलं. म्हणजे गाठीची नळी मीच बदलली असणार."

"मग गाठ पुन्हा वाच की."

"कणभर उरलीय. वाचली की संपली. बाई इतकी खंगलीय की पुन्हा कापता यायची नाही. मॅडम म्हणतात, उद्या वापरून टाक."

सकाळी घास न खाताच गेली. पण तो कण तिने फ्रीजरमधून काढलाच नाही. आधी दोन्ही वाचनं पुन्हा समोर घेऊन बसली. परक्यांचं जुळेल त्याहून कितीतरी जास्त जुळत होतं. सख्ख्या बहिणींचं जुळावं, तितकंच. (सख्ख्या बहिणी तरी कुठे पुरत्या जुळतात म्हणा! मला चार आहेत.) पण त्या बाईची बहीण ठमीच्या नळ्यांत आली कुठून?

ठमीने मॅडमना दाखवलं आणि इस्पितळातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी जुने कागद चाळले. बाईला तरुणपणी रक्ताचा आजार झाला होता. तेव्हा धाकट्या बहिणीने हाडांतला मगज दिला होता. रक्त तिथेच बनतं. तेव्हापासून हिच्या अंगात बहिणीचंच रक्त!

नळी बदललीच नव्हती. मग बाईची नखं मागवली, ती तरी तिची स्वतःचीच. ती गाठीशी जुळली, बिघाड सापडला, औषधही मिळालं. कण फ्रीजरमध्ये शाबूत.

डॉक्टरांनी बहिणीला सगळं समजावलं, तेव्हा ती म्हणाली म्हणे, "तरीच! तेव्हापासून ताई अगदी माझ्यासारखी भांडते."