गोलाईपासून कडेपर्यंत

लातूर नुकताच जिल्हा झाला होता, आणि त्या वर्षी पाऊस नव्हता. टँकर मध्यवस्तीतच रिकामे होत, म्हणून कचेरीने पाणीवाटप गावाच्या मधोमध, गंजगोलाई बाजाराजवळच्या आमच्या गल्लीतील गणिताच्या प्राध्यापकांवर सोपवले. बोलताना ते बोटाने हवेत वर्तुळे काढीत. "दाटी गंजगोलाईपाशी हाय, पण बाहेरचं कडं मोठं होत जातं. घनतेला परिघानं गुणून समाकलन करा, म्हंजे सगळ्या कड्यांची बेरीज. निम्म्याहून जास्त माणूस गावाच्या कडेला निघतंय."

एके सकाळी टँकर आमच्या दारात थांबला. त्यांनी तो तसाच कडेच्या वस्तीकडे धाडला. रांगेतील त्यांची पत्नी म्हणाली, "अहो, लेकरू तापलंय. घरात थेंब न्हाई."

"हाव, ठाऊक हाय," ते म्हणाले.

टँकर कोणी अडवला नाही.

त्यांचे गणित बरोबर होते, हे मी मानतो. त्यांच्या घरी मात्र मी पुन्हा गेलो नाही.