बत्तीस वर्षं अध्यक्ष, अधूनमधून बाप

चिटणीसांनी मला संघटनेच्या श्रद्धांजली विशेषांकासाठी एक पान लिहायला सांगितलं आहे. मथळाही तेच ठरवून घेऊन आले, ‘कुटुंबवत्सल अध्यक्ष’. “वहिनी, घरगुती आठवणी टाका. हलक्याफुलक्या,” म्हणाले. बरोबर कार्यकारिणीचे दोघे होते, ते आपापले चष्मे पुसत होते. चष्मेवाल्यांच्या संघटनेतली माणसं अवघडली की चष्मे पुसतात, हे मी लग्नापासून बघते आहे.

विशेषांक हे निमित्त. खरं काम वेगळंच होतं. माझे यजमान जाऊन तीन महिने झाले, अध्यक्षांची खुर्ची रिकामी आहे आणि तिच्यावर माझ्या लेकीला बसवायचं घाटतं आहे. बिनविरोध. दुकान आता तीच चालवते, डोळे तपासायची रीतसर पदवी आहे, वर बापाची पुण्याई. “वहिनी, तुम्ही तिच्या कानावर एक शब्द टाका,” चिटणीस म्हणाले. मी चहा टाकला. त्या खुर्चीनं माझ्या घरातलं एक माणूस नेलं आहे, दुसरं मी सुखासुखी देणार नाही.

तर आता आठवणी.

हे चौतिसाव्या वर्षी अध्यक्ष झाले. तेव्हा संघटनेत अकरा सभासद होते आणि खुर्च्या नऊ. उशिरा येणारे दोघे उभे राहायचे. त्या दिवशी हे उभे होते. उभा आहे म्हणजे बोलणार, असं समजून सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं आणि हे बोलले. ते पुढे बत्तीस वर्षं खाली बसले नाहीत.

हातात कसब होतं, ते मी नाकारत नाही. गिऱ्हाइकाच्या नाकाकडे एकदा बघायचे आणि वाकडी फ्रेम नुसत्या बोटांनी अशी बसवायचे की माणूस चष्मा घातल्याचं विसरून जायचा. पण हळूहळू पुढच्या खोलीत निवेदनांचे गठ्ठे साठले आणि मागच्या खोलीतलं काच घासायचं यंत्र माझ्या गळ्यात पडलं. कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकले होते. काचेच्या कडा गोल करताना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

घर म्हणजे यांच्या लेखी एक दुय्यम शाखा होती. “सुट्टीत माझ्या आईकडे जाऊ या का?” विचारलं की उत्तर यायचं, “हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ.” लेक झाली तेव्हा हे अधिवेशनात. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले ते एक छापील कागद घेऊन. अध्यक्षांना कन्यारत्न झाल्याबद्दल ही सभा त्यांचं अभिनंदन करते. अनुमोदक, चिटणीस. मी तो दोनदा वाचला.

“यात माझं नाव कुठंय?”

“अगं, तू सभासद कुठं आहेस?” हे म्हणाले. थट्टा नव्हती ती. खरंच समजावून सांगत होते.

भाषणात म्हणायचे, “संघटना हेच माझं कुटुंब.” टाळ्या पडायच्या. म्हणजे कुटुंबासाठी राबायचं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पत्ता तेवढा चुकला होता.

आता तुम्ही मुखपृष्ठावर टाकणार आहात त्या फोटोविषयी. ‘सहा वर्षांच्या आत प्रत्येक मुलाची नेत्रतपासणी’, यांची लाडकी मोहीम. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सभासदांच्या दुकानात मुलांचे डोळे फुकट तपासायचे. शुभारंभाला पहिलं मूल म्हणून आमची लेक, वय वर्षं पाच. आमच्याच दुकानात, आमच्याच भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर तिला उंच स्टुलावर बसवलं. शाळा सुटली की ती रोज त्याच स्टुलावर बसून माझी वाट बघायची. दुसरी पोरं गाणी म्हणतात तशी ती तो तक्ता म्हणायची. संध्याकाळभर गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेला, जवळ जाऊन बोट लावून वाचलेला.

यांनी काळ्या पळीनं तिचा उजवा डोळा झाकला. “वाच गं राणी.” राणीनं धडाधडा वाचलं. सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळही वाचली. एवढ्यावर थांबली नाही. तक्त्याच्या तळाशी छापखान्याचं नाव होतं, ते म्हणून दाखवलं. तेवढ्या अंतरावरून ती अक्षरं गरुडालाही दिसली नसती. खोलीत पंधरा चष्मेवाले होते. सगळे खो खो हसले, टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. दुसरा डोळा तपासायचा राहूनच गेला, कारण पाहुण्यांना उशीर होत होता.

पंधरा तज्ज्ञ! एकालाही विचारावंसं वाटलं नाही की हे पोर बघतं आहे की पाठ म्हणतं आहे. मीही त्या दिवशी हसले. पण मी तज्ज्ञ नव्हते, चहा देत होते.

पुढे ती मान तिरपी करून वाचू लागली. पाणी ओतताना पेल्याच्या बाहेर ओतायची. मी तीनदा सांगितलं. “तपासलंय की आपण,” हे म्हणायचे, “पेपरात आलंय.” ती नऊ वर्षांची होत आली तेव्हा मी यांना न विचारता तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी उजवा डोळा झाकला.

“वाच ना बाळ.”

“हा तक्ता मला येत नाही,” ती म्हणाली, “आमच्या दुकानातला येतो.”

डाव्या डोळ्याला सगळ्यात वरचं, वीतभर अक्षर तेवढं दिसत होतं. पाच वर्षांची असताना आणली असती तर जवळजवळ पूर्ण सुधारला असता, बाई म्हणाल्या. दोन वर्षं चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली, आळशी डोळ्यानं काम करावं म्हणून. निम्मं मिळालं, निम्मं गेलं ते गेलंच. पट्टी मात्र हे रोज सकाळी स्वतः लावायचे, अलगद, पापणीचा एक केस न ओढता. तेवढी दहा मिनिटं ते बाप असायचे. मग पिशवी उचलून सभेला.

“बाहेर बोलू नकोस,” मला म्हणाले, “मोहिमेला गालबोट लागेल.”

मी बोलले नाही, पण एक हट्ट धरला. रविवारी वीस पोरं रांगेत उभी राहतात, पुढच्यांचं ऐकून मागच्यांना तक्ता पाठ होतो. तेव्हा एकेकाला आत घ्या, दर पोरामागे तक्ता बदला, दोन्ही डोळे तपासा. एवढा साधा नियम करा. हे म्हणाले, विषय पुढच्या बैठकीत घेऊ. ती बैठक त्यांच्या हयातीत झाली नाही. तुमच्या भिंतींवर अजून तोच तक्ता आहे.

परवा लेक काउंटरवर फ्रेमा मांडत होती. “आई, मी हो म्हणणार आहे.”

“झालं! बापाचा वसा.”

“तक्ता बदलायचा तर त्या खुर्चीवरूनच बदलता येईल ना?”

“आणि घरातली चार वर्षांची पोर?”

“ती तुझ्याकडेच असते.”

“म्हणजे मी परत अनुमोदक!”

ती हसली. मला हसू आलं नाही. हेही सुरुवातीला एकच काम करून मोकळे होणार होते.

तेवढ्यात चिटणीस फोटो न्यायला आले. तिनं त्यांना सरळ सांगितलं, “काका, आई जे लिहील ते या फोटोशेजारी छापायचं. छापलंत तर मी येते, नाहीतर दुसरा अध्यक्ष बघा.”

चिटणीसांनी चष्मा काढला. “थोडं संपादन करून...”

“एक ओळही नाही.”

म्हणून मी हात राखून लिहिलेलं नाही. तुम्ही हे छापायला कचरावं, अशीच माझी इच्छा आहे. पण तुमच्यातल्या कुणाला लाज वाटली आणि हे छापलं गेलंच, तर लेक तुमची झाली, माझा इलाज नाही. मग निदान सभा सातच्या आत संपवत जा. तिची मुलगी आठला झोपते, आणि आई आल्याशिवाय झोपत नाही.