मिटलेली मूठ

अबुधाबीतल्या रुवैस गावी आमच्या कंपनीच्या फॅमिली डेला काउबॉय नेमबाजी ठेवली होती. डोक्यावर हॅट, समोर पोलादी पत्रे. गोळी लागली की टण्ण वाजायचं. चुकलेल्या गोळ्या आम्ही तिघा परीक्षकांनी बोटांनी दाखवायच्या. एकही चुकली नाही, तर मूठ. साहेबांनी ‘यल्ला’, म्हणजे ‘चला’, म्हणत पाच गोळ्या झाडल्या. दोनदा पत्रा गप्प. बाकीच्या दोघांनी मुठी दाखवल्या. मला लाळघोटेपणाची भयंकर चीड, मी दोन बोटं ताठ वर केली.

मग माझी बायको आली. पाच गोळ्या, आवाज एकदाही नाही. त्या दोघांचे पंजे वर गेले. माझी मूठ!

बायकोने बंदूक खाली ठेवून सगळ्यांदेखत विचारलं, “म्हणजे रोज आमटी छान झालीय म्हणता, तेही असंच का?”