आंगाचं वय

"कागदावरचं राहू द्या. आंगाचं वय सांगा."

आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर प्रत्येक पेशंटला हेच म्हणायच्या. माणूस गोंधळला की त्याच्या कमरेला टेप लावायच्या, दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळायच्या आणि स्वतःच वय ठरवायच्या. मी तिथला लॅब टेक्निशियन, चिखलीहून जीपने येणारा. त्यांचं टेबल आणि माझी खोली यांच्यात फक्त एक पडदा होता.

एकदा बेचाळीस वर्षांचे गुरुजी आले. "गुरुजी, तुमचं आंग साठीले टेकलं." गुरुजी तणतणत निघून गेले. सिस्टर तीन दिवस शाळा सुटताना फाटकाशी उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी गुरुजी गोळ्या न्यायला आले. सिस्टरांनी त्यांना चहा पाजला, बिनसाखरेचा.

शेतात निंदणाला जाणारी सत्तरीची एक म्हातारी होती. "आजी, तुमचं आंग पन्नाशीचं हाय!"

"म्हंजे अजून वीस वर्सं निंदाच लागते का मले?"

सिस्टरांनी टेप गुंडाळून ठेवला.

त्यांचं स्वतःचं वय सेहेचाळीस. तीन पायऱ्या चढून त्या दम खायच्या. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, इथे लसीकरण, घरोघरचे सर्व्हे, रजिस्टरं, गावोगावची पायपीट. तुम्हीही अशी बाई रोज पाहत असाल. ती स्वतः कशी आहे, हे विचारायचं राहून जातं. शेवटी मी हट्टाने त्यांचं रक्त घेतलं. साखर भलतीच वाढलेली. बीपीही.

"मंग? कितीचं हाय माहं आंग?"

"सिस्टर, उद्याच हृदयाच्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो सोबत."

"हाव. एवढा सर्व्हे होऊ द्या."

तो सर्व्हे झाला, दुसरा आला. मी आणखी दोनदा म्हणालो. मग माझंही म्हणणं थकलं.

एका मंगळवारी तपासणीची रांग लागली होती. पेशंटच्या दंडावर पट्टा तसाच सोडून सिस्टर छाती धरून भिंतीला टेकल्या. डॉक्टरांनी त्यांना अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घेतलं. मीही चढू लागलो, तर सिस्टरांनी हाताने अडवलं.

"भाऊ, सगळे उपाशीपोटी आले हायेत. आधी याइचं रक्त घ्या."

चिखलीला पोचण्याआधी, वाटेतच त्या गेल्या.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा बाकावर अकरा माणसं उरली होती. मी त्यांना सांगितलं. कोणी उठलं नाही. मग रांगेतल्या पहिल्या बाईने बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला.