ओल्या सागाचं गलबत

तळोद्याच्या बाजारात सुकलाल मिस्त्रीच्या हातची बैलगाडी लांबूनच ओळखू यायची. चाकाला बाभूळ, साट्याला साग, आणि लाकूड चांगलं दोन उन्हाळे वाळलेलं. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो सरळ दुसऱ्या सुताराचं घर दाखवी.

जर्मनीची लढाई चालू असताना एक दिवस चुनीलाल शेठ त्याच्या दारी आला. हा लाकडाचा व्यापारी. सातपुड्यातला साग नंदुरबार स्टेशनवरून सुरतेकडे रवाना करायचा. लढाईच्या आधी शिडाच्या गलबतांना कुणी विचारत नव्हतं. आगबोटींनी सगळा माल पळवला होता आणि जुनी गलबतं खाडीच्या चिखलात कुजत पडली होती. लढाईनं हे सगळं उलटं केलं. आगबोटी सरकारनं फौजेसाठी ओढून घेतल्या, कितीतरी दुश्मनानं बुडवल्या. कापसाच्या गाठी बंदरात अडकल्या आणि मालाचं भाडं आभाळाला टेकलं. पाण्यावर तरंगणारं काहीही ज्याच्यापाशी असेल, त्याची चांदी होती. चुनीलालनं लाकूड विकायचं सोडून गलबतंच बांधायला काढली.

"कारागीर मिळत नाहीत, मिस्त्री. चल," तो म्हणाला.

सुकलालनं समुद्र पाहिलेला नव्हता. एवढं मोठं काम आपल्या हातून होईल, या हौसेनं तो गेला. त्याच्याबरोबर जामसिंग होता, तोरणमाळच्या बाजूचा पावरा आदिवासी. साग तोडून खाली उतरवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

सुरतेपलीकडे ज्या बंदरावर शेठची गलबतं बांधली जात होती, तिथं पहिल्याच आठवड्यात सुकलालचं मन उडालं. कालपरवा तोडलेला साग आज फळ्या होऊन गलबताच्या अंगाला ठोकला जात होता. करवत घातली की लाकडातून पाणी निथळायचं. जिथं गाठ गळून भोक पडलं होतं तिथं राळ आणि चुना भरायचा, वरून तेलाचा हात फिरवायचा. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकायचा, तोही जिनिंगमधला सडका. वरून सगळं गुळगुळीत, नवरीसारखं. सुकलालला त्या तेलाच्या वासानं जेवण जाईना.

तो चुनीलालकडे गेला. "शेठ, हाई लाकूड वल्लं शे. वाळनं म्हंजे फळ्या उघडतीन."

चुनीलाल पान लावत होता. "केव्हा उघडतील?"

"पुढला उन्हाळामा."

"मग झालं तर. दोन खेपांत गलबत आपली किंमत काढतं. तिसऱ्या खेपेला ते माझं राहणारच नाही, विकलेलं असेल." पान तोंडात घालून तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "भाडं चढलंय तोवरच हा धंदा, मिस्त्री. टिकाऊ बांधायला वेळ कुणाला आहे?"

सुकलाल तिथून सरळ तांडेलाकडे गेला. तांडेल म्हणजे गलबत हाकणारा. ज्याचा जीव जायचा तो तरी ऐकेल, असं त्याला वाटलं. त्यानं पटाशीनं एका फळीवरची राळ उचकटली आणि आत बोट घालून दाखवलं. तांडेलानं वाकून पाहिलं. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "सगळ्याच नव्या गलबतांचं हेच आहे. पण पगार तिप्पट आहे." आणि त्यानंच अंगठ्यानं राळ पुन्हा दाबून बसवली. त्या अंगठ्याची सुकलालला शेठच्या पानापेक्षाही जास्त किळस आली.

तरीही सुकलाल फळ्या ठोकत राहिला आणि गलबत पुरं झालं. त्यावर खलाशी कमी होते. जामसिंगला समुद्राचं वेड लागलं होतं, तो चढायला तयार झाला. सुकलालनं त्याला बाजूला घेतलं. "नको जाऊ. आतनं सडेल शे ते."

जामसिंग हसला. डोंगरातली माणसं बाजारात बोलतात तशा मोडक्या अहिराणीत म्हणाला, "साग मी तोडा, गलबत तू बनाडं. मंग माले कसानं भ्याव?"

गलबताला नारळ फुटला, गुलाल उडाला आणि ते पाण्यात गेलं. दुसऱ्या दिवशी सुकलालनं आपली हत्यारं बांधली आणि घराकडची गाडी धरली.

दोन खेपा झाल्या. चुनीलालनं ठरल्याप्रमाणे गलबत चढ्या भावात विकलं. पुढल्या वैशाखात कापसाच्या गाठी घेऊन जाताना ते भर समुद्रात फुटलं. तांडेल पोहून दुसऱ्या गलबतावर चढला. जामसिंगला पोहता येत नव्हतं.

ही बातमी चुनीलालनंच बाजारात सुकलालला सांगितली, आणि वर म्हणाला, "नशीब, आपण वेळेवर विकलं." सुकलाल त्याच्या पायाशी थुंकला. आयुष्यात तो कुणावर थुंकला नव्हता.

मग तो चालत तोरणमाळचा चढ चढला. जामसिंगची आई दिवलीबाई मोहाची फुलं वाळत घालत होती. ऐकून ती खाली बसली. तिनं विचारलं, समुद्र नर्मदेएवढा असतो का? सुकलालनं मोठा असतो म्हणून सांगितलं. गलबत कुणी बांधलं, हे तिनं विचारलं नाही. त्यानंच सांगितलं. तिनं त्याला पाणी दिलं, पण पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही.

लढाई संपली, आगबोटी परतल्या, भाडी कोसळली. बंदरावरची अर्धवट गलबतं चुन्याच्या भट्ट्यांत सरपण म्हणून गेली. चुनीलाल तोवर जिनिंगच्या धंद्यात शिरला होता आणि गावात त्याचा मान वाढला होता.

दुसऱ्या लढाईत पुन्हा जहाजं कमी पडली. चुनीलालचा मुलगा रतिलाल मोटारीनं तळोद्याला आला. सुकलाल आता म्हातारा होता, पण हात शाबूत होता.

"बाबा सांगायचे, तुमच्यासारखा मिस्त्री नाही," रतिलाल म्हणाला.

"लाकूड कितला दिन वाळाडशात?" सुकलालनं विचारलं.

रतिलालला प्रश्न कळला नाही. तो भाड्याचे दर सांगू लागला. सुकलाल उठून घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. त्या आठवड्यात तो सुतारांच्या दारोदार फिरला, जामसिंगची हकिगत प्रत्येकाला सांगितली. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतली. सोमवारी त्यांतले बरेचसे रतिलालच्या मालमोटारीत बसून गेले. सुकलालचा सख्खा पुतण्याही गेला.

शेवटची चार वर्षं सुकलालनं गाड्याही केल्या नाहीत. पाळणे आणि पाट तेवढे करायचा, आणि पुतण्यानं बंदरावरून पाठवलेले खजूर गुरांपुढे टाकायचा.