गाडीत मागं बसून पाहिलेली गावं

ये गं, अशी इकडं सरक. लांबून बोललेलं मला आता ऐकू येत नाही. तू तिकडं पुण्यात आहेस हे मला ठाऊक आहे, पण तू इथं या घोंगडीवर बसलीस असं धरून लिहिते, म्हणजे रागवायला बरं पडतं. रागवायचंय तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर. "आत्याआजी, तुम्ही कुठं कुठं फिरलात ते लिहून कळवा," असं विचारलंस आणि पुढं आपलंच उत्तर देऊन मोकळी झालीस, "म्हणजे कुठं गेला असाल म्हणा!" वा गं वा! तुझ्या आजोबांची मी धाकटी बहीण, सगळा जन्म या एका घरात गेला असंच ना तुला वाटतं? अगं, या जिल्ह्यातल्या किती गावांचं पाणी मी प्यालेय, ते तुझ्या बापालासुद्धा माहीत नाही.

सोळाव्या वर्षी नवऱ्यानं मला माहेरी आणून सोडलं आणि न्यायला परत कुणी आलं नाही. का, ते मलाच कधी कळलं नाही, म्हणून इथं लिहीत नाही. दादानं, म्हणजे तुझ्या आजोबांनी, एका शब्दानं कधी दुखावलं नाही. त्याची थोरली लेक, तुझी मोठी आत्या, तेव्हा चार वर्षांची होती. तिची वेणीफणी, तिचं खाणंपिणं माझ्याकडं आलं आणि माझे दिवस चालू लागले.

तेव्हा नवरीला सासरी एकटी धाडत नसत. माहेरची एक बाई बरोबर जायची, पाच दिवस राहायची आणि परत यायची. तिला पाठराखीण म्हणायचे. आता कुणाच्या घरची बाई पाच दिवस मोकळी असते? कुणाची म्हैस दुभती, कुणाचं पोर अंगावरचं. आमच्या आळीत मोकळी अशी मीच. लग्न ठरलं की बायका माझ्या भावजयीला म्हणायच्या, "वन्सं हायतच की तुमच्या. त्यान्ला धाडा." आणि मी निघायची. मोकळी म्हणून धाडतात याचं वाईट वाटायचं. पण गाडी शिवेबाहेर पडली की ते वाईट वाटणं कुठल्या कुठं जायचं. खरं सांगते, मनातून मी नाचत असायची.

नवरी गाडीच्या मधोमध, आणि मी मागच्या अंगाला, पाय खाली सोडून, मागं तोंड करून. पुढचं गाव मला येताना दिसायचंच नाही. सुटत चाललेली झाडं, माळ आणि चाकोरी तेवढी दिसायची. रस्त्याकडेचे मैलाचे दगडही माझ्यापुढून मागं जायचे. गाडीवानाला मी विचारत राहायची, यावर काय लिहिलंय, त्यावर काय लिहिलंय. पहिला शब्द मी वाचला तो 'नगर'. काना नाही, मात्रा नाही, माझ्यासारखीला सोपा. शाळेत न जाता शिकले ती अशी.

काष्टीच्या बाजाराचा फुफाटा असा, की नवरीचं नवं लुगडं वेशीत पोचेपर्यंत मातीच्या रंगाचं झालं. नेवाशाला नदी उतरताना नावेत नवरी माझा दंड धरून रडत होती आणि मी पाण्यात हात घालून बसले होते. पाथर्डीकडं एका गावची विहीर एवढी खोल, की दोर ओढून तळहात सोलून निघाले. पहिल्या दिवशी नवरीला पाण्याला घेऊन जायची मीच, म्हणून गावं मला विहिरींवरून ध्यानात आहेत.

आणखी एक होतं, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. सासरच्या बायका आधी विचारायच्या, "तुमचं पाव्हणं काय करत्यात?" माझ्या कपाळाला कुंकू, गळ्यात डोरलं. मी म्हणायची, "शेती करत्यात." खोटं कुठं होतं? करतच होते, आपल्या दुसऱ्या बायकोला घेऊन. पण ते पाच दिवस मी त्या गावात चारचौघींसारखी नांदती बाई असायची. माझी ओटी भरायचे, खण द्यायचे. परतताना ते खण मांडीवर घेऊन एकटी मागं बसले, की गाव लांब जाईल तशी मी पुन्हा आपली होती ती व्हायची.

जर्मनची लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात थोरलीचं लग्न घोडेगावला ठरलं. मी माझं गाठोडं आठ दिवस आधी बांधलं. या पोरीला पोचवायला मी नाही तर कोण? लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाच्या आजीचा निरोप आला: "पाठराखीण नांदती धाडा."

दादा जोत्यावर बसून नुसता काडीनं माती उकरत राहिला. भावजय म्हणाली, "वन्सं, मी काय बोलू?" मी म्हटलं, "काई बोलू नगा. त्यान्ची रीत आसंल." म्हटलं खरं, पण कान माझे थोरलीकडं होते. आतल्या खोलीत तिला हळद लागत होती आणि तिला सगळं ऐकू गेलं होतं. वाटलं, ती आता बाहेर येईल आणि म्हणेल, आत्या येत नसेल तर मी गाडीत बसत नाही. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारची काकू तिच्यामागं बसली आणि गाडी गेली. मी गोठ्यात होते. मी वाढवलेली पोर, पण तिलाही मी अपशकुनीच वाटले का, हे एकदा तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय माझ्या जिवाला आता थारा नव्हता.

तिसऱ्याच दिवशी काकू परत! "म्हस व्यायला झालीया माजी, तिकडं ध्यान लागंना." भावजय तिच्यावर ओरडली आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "वन्सं, तुमीच जा. कोण काय म्हनतंय ते मी बघती."

कांद्याच्या गाडीतून नगरपर्यंत गेले. तिथून मोटार. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून त्या मोटारी कोळशावर चालायच्या. मागं एक भलंमोठं पिंप, त्यात धुमसता कोळसा. ड्रायव्हरनं विचारलं, "बाई, बरोबर कोन हाय?" मी म्हटलं, "कुनी न्हाई." तो दोनदा मागं वळून बघत राहिला. इमामपूरच्या घाटात मोटारीनं दम टाकला आणि सगळी खाली उतरून ढकलायला लागली. माझ्या शेजारी एक म्हातारी मणियारीण होती, बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन चढ चढत होती. मला म्हणाली, "बेटी, पैसे आपन द्यायचे आन् मोटार बी आपनच वर न्यायची, बघ!" हसून हसून माझ्या पोटात दुखलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी पुढं तोंड करून प्रवास केला. घोडेगाव समोरून येताना दिसलं, झाडं आधी, मग बाजारातली गुरं, मग घरं.

दारात ती आजी उभी. "कोन गं तू?"

"नवरीची आत्या. नवऱ्यानं नांदवल्याली न्हाई. पाठराखीन म्हनून आले न्हाई मी, पोरीला बघून जाती."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नांदवल्याली न्हाई ते म्हाईत हाय मला. पर ते उनात उभं राहून सांगायचं आसतं व्हय? पाय धू आन् आत ये."

थोरली माझ्याशी धड बोललीच नाही. विहिरीवर गेलो तेव्हा रिकामी घागर काठावर ठेवून म्हणाली, "आत्या, त्या दिशी मी बोलले न्हाई."

"लाजली आसशील."

"लाजले न्हाई." ती पाण्यात बघत राहिली. "तू येऊ नये आसंच वाटलं मला. तू मागं बसलीस, आन् तुझ्यावानीच माजं झालं तर?"

चौदा वर्षांची पोर ती. मी घागर बुडवली, वर ओढली, तिच्या कडेवर दिली. मग म्हटलं, "मला बी तीच भीती वाटत हुती बाई. परत्येक पोरीच्या टायमाला वाटायची."

ती रडली. मी रडले नाही, मला उलट हलकं वाटलं. विचारायचं होतं ते विचारावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं परत आले.

त्यानंतरही मी पाठराखीण म्हणून गेले, बोलावलं तिथं. पण पाव्हणं काय करतात असं विचारलं की खरं सांगायची. काही घरांत माझं ताट वेगळं मांडलं. काही घरांत एखादी सून जवळ सरकून बसली आणि आपलं सांगू लागली. खण कमी मिळाले, माणसं जास्त मिळाली. पुढं वर्षातनं एकदा मी पोचवलेल्या मुलींच्या घरी एकटीच जायची, एसटीनं, खिडकीशी बसून.

आता दिवस मोठा वाटतो. दुपारी अंगणात बसून मी त्या मुलींचे उपकार आठवते. प्रत्येकीला एकच गाव मिळालं, जन्माचं. मला सगळ्यांची मिळाली, पाचपाच दिवसांची का होईना. नवऱ्यानं नांदवलं असतं तर मीही एकाच विहिरीवर म्हातारी झाले असते, मैलाचे दगड कुणी वाचून दाखवले असते?

पण त्या मुली एकेक करून गेल्या. तुझी मोठी आत्याही गेली. फाट्यावर उभी राहून एसटीच्या पाट्या वाचते. सगळी गावं माझ्या ओळखीची आणि एकातही आता मला ओळखणारं दार नाही. इथं दादा नाही, वहिनी नाही. तुझा बाप आठवड्यानं फोन करतो आणि "तब्येत कशी" एवढं विचारून ठेवून देतो.

म्हणून म्हणते, तू ये. कुठं कुठं फिरलीस ते तूही सांग, विमानानं जाऊन आलीस म्हणे, मला त्यातलं ऐकायचंय. सकाळच्या गाडीनं निघालीस तर जेवायच्या वेळेला पोचशील. वांग्याचं भरीत करते. पुढच्या महिन्यात नको, याच महिन्यात ये.