कोरडा पाट

आमच्या ऑफिसची पाटी लांबलचक होती. कामगारांचा फंड, ग्रॅच्युइटी, विमा आणि पेन्शन यांचे सल्लागार. भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या, आणि त्यात साहेब, हेडक्लार्क बडेबाबू आणि टाइपरायटरपाशी मी. तुमसरच्या राईस मिला, वरठीचा कारखाना, गावोगावचे विडीवाले हे आमचं गिऱ्हाईक. माणूस रिटायर झाला, जायबंदी झाला किंवा मेला, की त्याचे कागद आमच्याकडे यायचे. मेलेल्यांचे जास्त यायचे. जिवंत माणूस आपले कागद हरवतो आणि गप्प बसतो.

साहेब दोन गोष्टींत हट्टी होते. कागद तारखेच्या आधी तयार पाहिजे, ही एक. दुसरी म्हणजे दिवाळी. लोकांच्या घरादाराचे कागद करायचे तर आपण आधी एकमेकांच्या घरी जेवलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दरसाल नरकचतुर्दशीचा फराळ आमच्याकडे, लक्ष्मीपूजन साहेबांकडे आणि पाडव्याला गायगोधनाच्या पूजेसाठी सगळे बडेबाबूंच्या गावी, एकोडीला. प्रत्येक घराची आपली रीत. त्या वर्षी ज्या मेलेल्या माणसांचे कागद केले, त्या प्रत्येकाच्या नावाने साहेबांच्या बायको अंगणात एक पणती लावायच्या. नावांची यादी मी टाइप करून द्यायची. बडेबाबूंच्या गोठ्यात गाई-बैलांना खिचडी चारताना एका रिकाम्या खुंट्यापुढेही घास ठेवत. तिथला बैल मरून बारा वर्षं झाली होती, आणि तो घास संध्याकाळपर्यंत संपलेला असायचा. कुत्रं खात असेल, असं म्हणून मी हसायचे. आमच्या घरची रीत याहून विचित्र होती, आणि तिच्याकडे कोणी फार वेळ बघू नये असं मला वाटायचं.

घरी आम्ही तिघी. मी, माझी वहिनी आणि तिची मुलगी. माझा दादा तुमसरच्या एका राईस मिलमध्ये कामाला होता. वरठीच्या स्टेशनपर्यंत सायकलने जायचा आणि तिथून गाडी धरायचा. आणीबाणी उठली त्या साली, संक्रांतीच्या आठवडाभर आधी, तो सकाळी ड्यूटीवर म्हणून निघाला आणि मिलमध्ये पोचलाच नाही. सायकल स्टँडवर सापडली, व्यवस्थित कुलूप लावलेली. पोलीस झाले, नागपूरचे दवाखाने झाले, भगतसुद्धा झाला. प्रेत नाही, पत्र नाही, काही नाही.

त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला वहिनीने आम्हा दोघींना अंधारातच उठवून न्हाऊ घातलं. मग हंड्यात पुन्हा पाणी ओतलं, न्हाणीत दादाचा पाट मांडला आणि उंबऱ्यात बसून राहिली.

"दिवाळीले माणूस कुठूनबी येते," ती म्हणाली.

बसता बसता पूर्वेकडे फटफटायला लागलं. त्या दिवशी उजाडल्यावर जो न्हातो तो नरकात जातो, असं लहानपणापासून ऐकलेलं. वहिनी एकदम उठली. "उजाडलं तर त्यायले नरक लागन," म्हणाली, आणि उटणं घेऊन पाटासमोर बसली. बसलेल्या माणसाचे खांदे जेवढ्या उंचीवर असतात, तेवढ्या उंचीवर तिचे हात हवेत फिरले. मग पाठ. मग दंड. मग ऊन पाण्याचे पाच-सहा तांबे तिने सावकाश ओतले. मला वाटलं, बाई गेली कामातून.

तिने पाट उचलून भिंतीला लावला, तेव्हा ते दिसलं. भिजून सगळं लाकूड काळपट झालं होतं, आणि मधोमध बसलेल्या माणसाएवढी जागा पांढरी होती. मी हात लावला. कोरडी ठाक. मला भीती वाटली, आणि भाचीने विचारलं तेव्हा मी तिला उगाचच रागावले.

तीन दिवसांनी भाऊबीज. मी ताट घेऊन अंगणात चंद्राला ओवाळायला निघाले, तर वहिनी आडवी आली. "चंद्राले जिले भाऊ नाही ते ओवाळते. तुमाले हाय ना भाऊ, बाई." तिने तोच पाट माजघरात मांडला, भोवती रांगोळी काढली, आणि मी रिकाम्या पाटाला ओवाळलं. टाइपिंगची परीक्षा पास झालेली शिकलेली मुलगी मी, माझी मलाच लाज वाटत होती. आणि तेवढ्यात उकडलेल्या धानाचा वास आला, दादाच्या शर्टाला यायचा तो. आमच्याकडे चारी बाजूंना राईस मिला, दिवाळी म्हणजे धानाचा हंगाम, तेव्हा वास येणारच. पण खिडक्या बंद होत्या, आणि ताट खाली ठेवल्याबरोबर वास गेला.

मग दरसाल तेच. पहाटे वहिनी पाटाला न्हाऊ घालायची, मधली जागा कोरडी राहायची, मी भाऊबीजेला ओवाळायचे. एका वर्षी बडेबाबू फराळाला फार लवकर आले आणि त्यांनी अंगणात वाळत ठेवलेला पाट पाहिला.

"उटण्याचं तेल हाय ते," ते म्हणाले. "तेलावर पाणी धरत नाही."

"तेलाने लाकूड काळं पडतं, बडेबाबू. हे तर पांढरं हाय," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग म्हणाले, "उलटा करून ठेवत जा." त्या दिवशी त्यांनी चिवड्याला हात लावला नाही, आणि पुढच्या वर्षापासून ते सगळ्यांच्या मागून यायला लागले.

ऑफिसात मात्र मी मोठी खंबीर. नवऱ्याच्या कागदावर सही करायला बायका कचरायच्या. हातात पेन धरून रडत बसायच्या, गाडीची वेळ व्हायची, आणि मग साहेब मला खूण करायचे. मी जाऊन म्हणायचे, "बाई, कागदावर लिहिल्यानं कोणी मरत नाही. करा सही." ऐकायच्या बिचाऱ्या. ही आपल्याला जमणारी कला आहे असं मला वाटायचं.

सातवी दिवाळी आली तेव्हा भाची मॅट्रिकला होती. तिला नागपूरला नर्सिंगला जायचं होतं, होस्टेलला राहून. माझा पगार आणि वहिनीच्या विड्या यांत ते बसण्यासारखं नव्हतं. दादाचा फंड आणि वहिनीची पेन्शन मात्र अडकून पडली होती, कारण बेपत्ता माणूस कायद्याने सात वर्षं जिवंत असतो. संक्रांतीच्या सुमारास सात वर्षं पुरी होत होती. त्याच्या बायकोने आणि बहिणीने एकेक प्रतिज्ञापत्र द्यायचं की सात वर्षांत त्याच्याबद्दल काही ऐकलं नाही, त्याची कोणतीही खूण आढळली नाही, सबब तो मयत समजावा. मग पोरीची वाट मोकळी होती.

दिवाळीच्या सुटीआधी साहेब म्हणाले, "करून ठेव आत्ताच. तारीख तेवढी कोरी सोड."

मी केलं. दोन्ही कागद, तीन-तीन प्रतींत, एकही चूक न करता. 'मयत' हा शब्द बोटांना इतका सवयीचा होता की तो कधी उमटला ते कळलंसुद्धा नाही. ऑफिसचा कागद घरी नेऊ नये, पण बडेबाबूंच्या नजरेला पडू नये म्हणून मी ते पर्समध्ये घातले आणि घरी आणले. असा कागद हात न थांबता दुसऱ्या कोणी केला नसता, कारण दुसऱ्या कोणाला तो मजकूर इतका पाठ नव्हता.

त्या नरकचतुर्दशीला वहिनीने पाट उचलला आणि तो या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भिजलेला होता. काळाभोर. कुठे कोरडी जागा नाही. वहिनीने तो भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि करंज्या काढायला गेली. भाऊबीजेला मी ओवाळलं तर वास नाही, काही नाही. समोर लाकूड आणि त्याला ओवाळणारी एक मूर्ख बाई. मला मनातून पक्कं ठाऊक होतं काय झालं ते. मी माझ्या भावाला तीन प्रतींत मारलं होतं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. संक्रांत आली. साहेब विचारायला लागले, कधी येते वहिनी? वहिनीला विचारलं तर म्हणाली, "रथसप्तमी होऊ द्या." रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. मला वाटलं, कुंकू सोडवत नाही हिला. मी साहेबांना सांगितलं, वहिनी तयार नाही. आणि सांगताना मला किती बरं वाटलं ते मी आज कबूल करते. पोरीच्या फॉर्मची तारीख जवळ येत होती आणि मी वहिनीच्या आड लपून बसले होते.

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. वहिनी होती. घरून एकटी चालत आलेली, कपाळावर ठळक कुंकू, हातात बांगड्या. खुर्चीत बसली, कागद वाचला, सही केली. रडली नाही. मग दुसरा कागद माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, रिबन फिकी आहे, पुन्हा टाइप करते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि बडेबाबूंना घेऊन चहाला खाली गेले. इतक्या वर्षांत ते दोघं एकदम चहाला कधी गेले नव्हते.

"काहून थांबल्या, बाई?" वहिनी म्हणाली.

"हा कागद मी दिवाळीच्या आधीच केला होता, वहिनी. म्हणून पाट भिजला. माझ्यानं झालं ते."

"मले मालूम हाय. तुमच्या पर्समंधी पाह्यला मी. म्हणूनच यंदा मेण नाही लावलं."

"मेण? कसलं मेण?"

"मेणबत्ती घासत होती मी पाटावर. दरसाली, आदल्या दिवशी, तुमी ऑफिसात असल्या का. बसतेत तेवढ्या जागेवर."

मला राग आला. असा की टेबलावरचा पेपरवेट उचलून फेकावासा वाटला. सहा वर्षं मी त्या पाटाला भ्यायले, ओवाळलं, त्याच्याशी मनातल्या मनात बोलले, आणि सगळं एका मेणबत्तीचं. "काहून केलं असं?" मी ओरडलेच. "पहिल्या वर्षापासून आम्हाला फसवलं तुम्ही."

वहिनी बांगड्या मागेपुढे करत राहिली.

"पहिल्या साली नोहोतं लावलं," ती म्हणाली.

खाली दुकानात कोणी पाण्याचा पितळी गुंड वाजवून पाहत होतं, तो आवाज आजही माझ्या कानात आहे.

"पहिल्या साली आपसूकच कोरडा राह्यला. दुसऱ्या साली भेव वाटला का नाही राहीन, म्हणून मेण लावलं. मंग लावतच गेली. तवापासून समजलंच नाही मले का ते येऊन राहिले का मेणच हाय ते. तुमचा कागद पाह्यला तवा म्हटलं, बाईचं मन तयार झालं. आता आपूनबी पाहून घेऊ." तिने कुंकवाला बोट लावून पाहिलं, जसं काही ते आहे की नाही याची खात्री करायची होती. "पाहून घेतलं मी. पण तुमीच तयार नाही."

शेकडो बायकांना मी जे सांगितलं होतं त्यातलं एकही वाक्य मला त्या वेळी आठवेना. मी पेन घेतलं. कागदावर लिहिलं होतं, कोणतीही खूण आढळली नाही. ते खोटं होतं, आम्हा दोघींना ते माहीत होतं, आणि वहिनीने त्याच मजकुरावर माझ्या आधी सही केली होती. मीही केली. साहेब वर आले, त्यांनी दोन्ही कागद पाहिले आणि तारीख स्वतःच्या हाताने घातली.

आम्ही दोघी चालत घरी आलो. वहिनीने ओसरीवर विडीचं सूप मांडीवर घेतलं आणि पानं कापायला लागली. कुंकू तसंच होतं. ते तिने कधी पुसलं ते मला आठवत नाही, मी तेव्हा बघितलं नसावं.

भाची शाळेतून आली. तिला कोणी सांगितलं कोण जाणे, बहुतेक आमच्या चेहऱ्यांवरूनच तिने ओळखलं. दप्तर काढून तिने भिंतीवरच्या दादाच्या फोटोकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, बाबाच्या फोटोले हार आणू का?"

वहिनीने मान वर केली नाही. "आत्याले विचार," म्हणाली.

पोर माझ्याकडे वळून उभी राहिली. सात वर्षांत मी दादासाठी एकदाही रडले नव्हते. रडतात ते मेलेल्या माणसासाठी.

"आण," मी म्हटलं. ती चपला घालून बाजाराकडे निघाली, आणि ती वळणावर दिसेनाशी व्हायच्या आधीच मला रडू फुटलं.